रीफ टँकमधलं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळ आणि सॉफ्ट कोरलच्या जोरावर कसं आटोक्यात ठेवायचं

नवीन रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, लावला की पहिले काही महिने सगळं छान चालतं, मग हळूहळू दगडांवर हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ, यायला लागतात, वाळू तपकिरी दिसते, काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते आणि टेस्ट केली की नायट्रेट वर गेलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं की सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) थोडा कीटो (एक हिरवं शेवाळ) टाक आणि झेनिया (पटकन वाढणारं मऊ कोरल) लाव, आपोआप सगळं ताळ्यावर येईल. आपोआप काही येत नाही. पद्धत चांगली आहे, मी स्वतः तीच वापरतो आणि आता दुसरं काही करायची इच्छाही नाही, पण तिच्यात एक मुद्दा आहे जो सुरुवातीला कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

मुद्दा असा. तुम्ही टाकलेलं माशांचं खाणं म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते माशाच्या अंगातून अमोनिया होऊन बाहेर येतं, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, फॉस्फेट तसंच पाण्यात राहतं किंवा दगडात जाऊन बसतं. शेवाळ किंवा कोरल वाढलं म्हणजे त्याने हे पाण्यातून उचलून स्वतःच्या अंगात साठवलं, बस एवढंच झालं. केर डब्यात भरला म्हणून तो घराबाहेर गेला असं होत नाही ना, तसंच आहे हे. तो गोळा तुम्ही कापून टँकबाहेर काढाल तेव्हाच नायट्रोजन-फॉस्फरस खरंच बाहेर गेलं. न छाटता ठेवलेलं शेवाळ शेवटी आतून कुजतं आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडतं. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती आहेत.

काय काय लागेल

- नायट्रेट आणि फॉस्फेटच्या टेस्ट किट. फॉस्फेटसाठी कमी पातळी मोजणारी किट किंवा डिजिटल चेकर घ्या, रंग जुळवायच्या साध्या किटवर ०.०३ आणि ०.१ मधला फरक डोळ्यांना कळतच नाही.
- अल्कलिनिटीची टेस्ट (कोरल सांगाड्यासाठी वापरतं ते पाण्यातलं कार्बोनेट मोजायला) आणि रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायला)
- सम्पमध्ये किंवा टँकच्या मागे टांगायच्या डब्यात थोडी मोकळी जागा, म्हणजेच रिफ्युजियम, शेवाळ इथेच वाढवायचं
- झाडं वाढवायची एलईडी ग्रो लाइट आणि टायमर
- लांब कात्री, चिमटा, दोन बादल्या, जुना प्लास्टिकचा कार्ड
- हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल, हे ऐच्छिक नाही, का ते पुढे येईल
- अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन
- आरओ-डीआय पाणी, म्हणजे फिल्टरने सगळे क्षार काढलेलं शुद्ध पाणी. नळाच्या पाण्यातच नायट्रेट-फॉस्फेट असेल तर तुम्ही एका हाताने काढताय आणि दुसऱ्या हाताने ओतताय.
- छोटा वजनकाटा आणि वही

१. आधी मोजा, मग खरेदी

आठवड्यातून दोनदा, शक्यतो एकाच वेळेला, काही आठवडे नुसतं मोजून वहीत लिहा. एका आकड्यावरून काही ठरवू नका, आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघा. मिश्र रीफसाठी (मऊ म्हणजे सॉफ्ट आणि कडक, दोन्ही कोरल असलेल्या टँकसाठी) साधारण नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम धरून चला. नुसते सॉफ्ट कोरल असतील तर थोडं जास्तही चालतं, उलट ते थोड्या मळकट पाण्यातच खुलतात.

इथे नवख्यांची तीन ठिकाणी गडबड होते. पहिली म्हणजे काही नायट्रेट किट नुसता नायट्रोजन दाखवतात, त्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, किटचा कागद वाचा. दुसरी म्हणजे काही चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (शंभर कोटीत इतके भाग) दाखवतात, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचं. तिसरी सगळ्यात फसवी, दगडांवर हिरवे केस माजलेत आणि टेस्ट मात्र शून्य दाखवते, मग लोक म्हणतात किट खराब आहे. किट बरोबर असते हो, पाण्यातलं सगळं ते केसच खाऊन टाकतायत म्हणून पाण्यात उरत नाही.

२. जागा ठरवा

सगळ्यात सोयीचं म्हणजे सम्पमधला एक कप्पा. तिथे टँग किंवा रॅबिटफिशसारखे शेवाळ खाणारे मासे पोचत नाहीत, छोटे कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) निवांत वाढतात आणि रात्री काय चाललंय ते दिवाणखान्यातून दिसतही नाही. सम्प नसेल तर मागे टांगायचा डबा चालतो. टँकमध्येच सजावट म्हणून लाल-हिरवं शेवाळ ठेवायची हौस असेल तर ठेवा, पण टँग असेल तर ते नुसतं त्याचं जेवण होणार, आणि खाल्लेलं परत त्याच पाण्यात येणार.

रिफ्युजियममध्ये प्रवाह एकदम मंद ठेवा असं पूर्वी सांगायचे. कीटोच्या बाबतीत तरी ते ऐकू नका. पाणी त्याच्या आरपार गेलं पाहिजे, गोळा हळूहळू गरगरत राहिला तर अजून चांगलं, सगळ्या बाजूंना प्रकाश मिळतो आणि मध्ये गाळ साचत नाही. फक्त पंपाच्या तोंडाशी जाळी लावा, कीटोचे सुटे धागे पंपात गेले की पंप बसलाच म्हणून समजा.

३. काय लावायचं

*कीटोमॉर्फा*, म्हणजे आपला कीटो. नायलॉनच्या घासणीसारखा दिसतो, मुळं नाहीत, कशाला चिकटत नाही, उचलायला आणि तोडायला सोपा. नवीन माणसाने डोळे झाकून हाच घ्यावा.

*कॉलर्पा*. दिसायला देखणा, वाढतो भन्नाट, आणि इथेच पाणी मुरतं. त्याचा अख्खा वेल म्हणजे एकच मोठी पेशी असते, त्यामुळे कात्रीने कुठेही कापला की आतला रस पाण्यात गळतो, म्हणून तो कापायचा नाही, आडवा वेलच्या वेल उपटून काढायचा. शिवाय कधीतरी तो एकदम प्रजननाच्या फेरात जातो, रातोरात पारदर्शक-पांढरा पडतो, पाणी हिरवट गढूळ होतं, साठवलेलं सगळं परत पाण्यात आणि ऑक्सिजन खाली. दिवे चोवीस तास चालू ठेवले की असं होत नाही असं बरेच जण मानतात, पण त्यावर विसंबून झोपू नका. आणि हा समुद्रात सुटला तर काय होतं ते जगाने पाहिलंय. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर दिसला आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरत गेला, कॅलिफोर्नियात २००० साली सापडला तो पूर्ण काढून टाकला असं जाहीर करायला २००६ उजाडलं. काही ठिकाणी तो बाळगायलाच बंदी आहे, तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

*ग्रॅसिलारिया आणि अल्व्हा*. दोन्ही चांगले, आणि जास्तीचं माशांना खायला घालता येतं. ग्रॅसिलारियाला प्रवाह हवा, तो जरा नाजूक आहे. अल्व्हा पातळ पानांचा, वाढतो पटकन पण तुकडे होऊन सगळीकडे जातो.

*हॅलिमेडा*. सुंदर दिसतो पण अंगात कॅल्शियम भरतो म्हणून कोरलच्या वाट्याचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खातो, वाढही हळू. शोभेला ठीक.

*खारफुटी*, मँग्रोव्ह. यावर सगळ्यांचा जीव जडतो, पाण्याबाहेर पानं, खाली मुळं, काय दिसतं ते! पण न्यूट्रिएंट, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, काढायचं काम म्हणाल तर फार कमी, कारण झाड सावकाश वाढतं. लांब शेंगेसारखं रोप आणून पाण्याच्या पातळीला टांगायचं, गोड्या पाण्यात वाढवलेलं असेल तर हळूहळू खाऱ्याची सवय करायची, पानांवर अधूनमधून आरओचं पाणी फवारायचं, आणि गळलेलं प्रत्येक पान उचलून बाहेर टाकायचं, ते पान सम्पमध्ये कुजलं तर झाड लावलंच कशाला. हौस म्हणून लावा, भरवसा म्हणून नको.

समुद्री गवत, म्हणजे थॅलासिया वगैरे, हे खरं मुळं-फुलं असलेलं झाड आहे. त्याला खोल वाळू लागते, रुजायला वेळ लागतो. पहिल्या टँकला नकोच.

४. आणल्यावर थेट टाकू नका

दुसऱ्याच्या टँकमधून आलेल्या कीटोच्या गोळ्यात काय लपलेलं असेल सांगता येत नाही. आयप्टेशिया (उपद्रवी छोटा अ‍ॅनिमोन), बबल अल्गी (मण्यांसारखं शेवाळ), ब्रायॉप्सिस (पिसांसारखं शेवाळ) हे तिघे एकदा घुसले की वर्षानुवर्षं निघत नाहीत. पांढऱ्या ताटलीत त्याच क्षारतेचं खारं पाणी घ्या, गोळा पिंजून पसरा, टॉर्च मारून बघा. हिरवे चकचकीत मणी दिसले, पारदर्शक शुंडक दिसले, पिसासारखं मऊ काही दिसलं, तर तेवढा भाग कापून फेका, आणि खूपच असेल तर सगळा गोळा परत करा. कीटो कुठेही मिळतो, त्याच्यासाठी टँकवर संकट ओढवून घेऊ नका. मग आणखी काही दिवस वेगळ्या बादलीत दिव्याखाली ठेवलात तर उत्तमच.

५. दिवा

माझं स्पष्ट मत आहे की रिफ्युजियम चालत नाही म्हणणाऱ्या दहातल्या बहुतेकांचा दिवाच कमजोर असतो. क्लिपवाला टेबल लॅम्प लावून कीटो जिवंत राहतो, वाढत नाही. झाडं वाढवायचा लाल-निळा किंवा फुल स्पेक्ट्रम दिवा घ्या, लाल ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा असला की झालं.

टायमर टँकच्या उलट लावा, वरचे दिवे बंद झाले की खालचे चालू. रात्री टँकमध्ये प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात आणि पीएच उतरतो. खाली शेवाळ तेव्हा जागं असलं तर तो कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि पीएच तेवढा पडत नाही. सुरुवातीला ८-१० तास द्या, वाढ बघून वाढवा. पहिल्या दिवसापासून जोरदार दिवा आणि सोळा तास दिलेत तर गोळा वरून पांढरा पडेल आणि कप्प्याच्या काचेवर नको ते शेवाळ माजेल.

६. सॉफ्ट कोरल कुठे बसतात

हे खाली नाही, वर टँकमध्येच. यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यासाठी पाण्यातला अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट वापरतं. शिवाय यांना दगडासारखा कडक सांगाडा नसतो, अंगात नुसत्या बारीक कॅल्शियमच्या काड्या असतात, म्हणून अल्कलिनिटी फारशी खात नाहीत. स्पष्ट सांगायचं तर कीटोइतकं काम हे करत नाहीत. पण टँकमधली मोकळी उजेडाची जागा हे व्यापतात, ती हिरव्या केसांना मिळत नाही, आणि पटापट वाढणारे असतील तर छाटून बाहेर काढता येतात.

झेनिया यात पहिला, मुठी उघड-मीट केल्यासारखा हलत राहतो आणि मनासारखं पाणी मिळालं तर दगडामागून दगड घेत सुटतो. म्हणून त्याला मुख्य दगडांवर कधीच लावायचं नाही, वाळूत चारही बाजूंनी मोकळा असा वेगळा दगड द्यायचा. ग्रीन स्टार पॉलिप्सचंही तेच, ते मागच्या काचेवर चढवले तर हिरवळीचा पडदा होतो आणि काढायलाही सोपे, जांभळ्या चटईच्या कडेखाली प्लास्टिकचा कार्ड सारला की पट्टाच्या पट्टा सुटून हातात येतो. केनिया ट्री कोरल फांद्या गाळत फिरतो, मशरूम कोरल सावलीतही राहतात.

लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटॉन आणि सिन्युलॅरिया, मोठे होतात आणि पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात, शेजारचे कडक कोरल त्याने कुढत बसतात. म्हणून मिश्र टँकमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू ठेवा, शेवाळामुळे पाण्याला येणारी पिवळट झाकही त्याने जाते. लेदर मध्येच मिटून मेणचट होतो आणि कातडी टाकतो, तेव्हा तो मेला म्हणून कोणी फेकू नका, थोडा प्रवाह द्या.

आता हातमोज्यांचं. झोअँथिड आणि पॅलिथोआ हे लोक सॉफ्ट कोरलच्या यादीत घालतात. यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते साधंसुधं विष नाही. कापताना मोजे, गॉगल, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नाही, आणि ते बसलेले दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका, वाफेतून विषबाधा होऊन अख्खी घरं दवाखान्यात गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. न्यूट्रिएंट कमी करायला म्हणून तरी यांना छाटायच्या भानगडीत पडूच नका, झेनिया आहे ना.

७. छाटणी, हेच खरं काम

कीटोचा गोळा कप्पा भरत आला, किंवा खालची बाजू तपकिरी-फिकट दिसायला लागली की वेळ झाली. पंप बंद करा. टँकचंच पाणी भरलेल्या बादलीत गोळा काढा आणि जोरात दहा-पंधरा वेळा खंगाळा. बादलीचं पाणी एकदम जिवंत होतं, तळाशी वाकड्या पाठीचे अ‍ॅम्फिपॉड तडतडत असतात, गाळ खाली बसतो. गाळ बसू द्या आणि वरचं पाणी पॉडसकट परत सम्पमध्ये ओता, तळातला गाळ टाकून द्या. मग गोळा उलटा करून बघा. जो भाग दिव्याकडे होता तो गडद हिरवा आणि ताठ लागतो, मधला-खालचा भाग बोटांत मोडतो. मोडतो तो सगळा काढायचा आणि ताठ हिरवा भाग परत ठेवायचा. लोक नेमकं उलटं करतात, वरचं छान वाढलेलं कापून काढतात आणि सडका गाभा तसाच ठेवतात. एका वेळेला तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत काढा, जास्त नको, नाहीतर उरलेलं शेवाळ रोजचा माल पेलत नाही.

काढलेलं घट्ट पिळा आणि दर वेळी तसंच पिळून वजन करून वहीत टेस्टच्या आकड्याशेजारी लिहा. हे वजन टेस्टपेक्षा लवकर बोलतं. नायट्रेट अजून जागेवर आहे पण दोन छाटण्यांत वजन निम्म्यावर आलं, म्हणजे काहीतरी कमी पडतंय, पुढचा टप्पा बघा.

झेनिया काढताना देठ मधेच कापू नका, तिथून परत फुटतो. दगडाला चिकटलेला तळवा नखाने किंवा बोथट सुरीने खरवडून पूर्ण उचला. आणि हे पाण्याबाहेर काढल्यावर भयंकर घाण वास येतो, खिडकी उघडी ठेवा. झेनिया कधीकधी काही कारण न सांगता एकाच वेळी सगळा वितळतो आणि अमोनिया पाण्यात जातो, म्हणूनच टँकभर वाढू न देता सतत कमी करत राहायचा. छोटा टँक असेल तर ही काळजी दुप्पट.

छाटलेलं समुद्रात, खाडीत, गटारात कुठेही नाही. दुसऱ्या कोणाला द्या, नाहीतर पूर्ण वाळवून किंवा गोठवून कचऱ्यात.

८. शेवाळ वाढतच नाही, फिकट पडतंय

दिवा ठीक आहे का हे आधी बघा. ठीक असेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक संपलेलं असतं, नायट्रेट नाहीतर लोह. समुद्रातल्या प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं अणूंचं प्रमाण १०६:१६:१ असं असतं, अल्फ्रेड रेडफिल्डच्या नावाने ते ओळखलं जातं. मोठ्या शेवाळांत कार्बन आणि नायट्रोजनचा वाटा याहून बराच जास्त, सरासरी ५५०:३०:१. म्हणजे शेवाळ फॉस्फेटपेक्षा नायट्रेट कितीतरी जास्त ओढतं. त्यामुळे खूप जणांकडे असं होतं की नायट्रेट शून्यावर येतं, फॉस्फेट ०.२ वर अडकून बसतं आणि शेवाळ जागच्या जागी थांबतं. अशा वेळी विचित्र वाटेल पण नायट्रेटच घालावं लागतं, सोडियम किंवा पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाचा थोडा डोस, मोजून, म्हणजे शेवाळ परत चालू होतं आणि फॉस्फेटही खाली येतं. दगडात जुनं फॉस्फेट मुरलेलं असेल तर ते बराच काळ झिरपत राहतं, घाई करू नका.

दुसरं म्हणजे लोह. भरपूर शेवाळ असलेल्या टँकमध्ये लोह, मँगनीज, आयोडीन, पोटॅशियम कमी पडतात. नियमित पाणी बदललं तर बरंचसं भरून निघतं. गोळा पिवळट हिरवा पडला आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही आहेत, तर ट्रेस एलिमेंटचा छोटा डोस देऊन बघा, बाटलीवर लिहिलेल्यापेक्षाही कमीपासून.

आणि शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर बसले की वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर येतो, तो बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्म जीव) असतो, आणि हिरवे केस परवडले पण हा नको. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

९. बाकीची यंत्रणा

कीटो लावला म्हणून त्याच दिवशी स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) काढू नका. स्किमर ऑक्सिजनही देतो आणि शेवाळाने उचलायच्या आधीचा माल काढतो, दोघं एकत्र छान चालतात. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) मात्र शेवाळ चालू लागलं की हळूहळू कमी करा, ते फॉस्फेट इतकं खाली ओढतं की कीटो उपाशी मरतो. व्होडका-व्हिनेगरचा कार्बन डोस (बॅक्टेरिया वाढवून त्यांच्याकडून नायट्रेट-फॉस्फेट उचलवायची पद्धत) आणि मोठं रिफ्युजियम एकत्र चालवायला पहिल्या वर्षात जाऊ नका, दोघं एकाच ताटातलं खातात आणि बिघडलं तर कोणामुळे ते कळत नाही. एका वेळी एकच बदल, मग दोन-तीन आठवडे थांबा.

१०. बाहेरगावी जाताना

जायच्या दोन-चार दिवस आधी छाटणी करून घ्या, म्हणजे गोळा दाटणार नाही. टँक सांभाळणाऱ्याला माशांचं खाणं रोजच्या पुड्या बांधून द्या, हाताने टाकू देऊ नका, प्रेमाने टाकलेली एक मूठ तुमचं महिन्याचं काम धुवून टाकते. आणि त्याला रिफ्युजियमचा दिवा लागतोय का ते रोज रात्री बघायला सांगा. तो दिवा गेला तर शेवाळ अंधारात काही दिवस तग धरतं, मग कुजायला लागतं. दिवा लवकर दुरुस्त होणार नसेल तर गोळा उचलून बाहेर टाकायचा, वाया गेला तरी चालेल, नवा आणता येतो.